भट्टी १५०० अंशांची आणि इंधन बायोगॅस: प्रोटॉनवाहक सिरॅमिक सेलसाठी काय निवडावं?

वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्न सांगतो. विचारणारी मुलगी पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिला ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला चालणारा प्रोटॉनवाहक सिरॅमिक फ्युएल सेल बनवायचा आहे, आणि तो पुढे शुद्ध केलेल्या बायोगॅसवर चालवायचा आहे. प्रयोगशाळेतली भट्टी सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्यांची, म्हणजे कागदावर १५०० अंशांची. तिनं चाळीसएक शोधनिबंध वाचले. एकात बेरियम झिर्कोनेट सर्वांत टिकाऊ, दुसऱ्यात बेरियम सेरेट सर्वांत जास्त वाहक, आणि कॅथोड, म्हणजे हवेच्या बाजूचा थर, तर दर निबंधात नवा. तिचा प्रश्न सरळ आहे: मी नेमकं काय घेऊ?

उत्तरही सरळ देतो, कारणं मागाहून. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे प्रोटॉन वाहणारा मधला थर, म्हणून बेरियम झिर्कोनेट-सेरेटचं मिश्रण घ्या. बी-स्थानावरच्या, म्हणजे स्फटिकात झिर्कोनियम बसतं त्या जागेवरच्या, दहा अणूंपैकी चार झिर्कोनियम, चार सेरियम, एक इट्रियम, एक इटर्बियम. या धंद्यात त्याला नुसतं ‘४४११’ म्हणतात. भाजताना वजनाच्या एक टक्का निकेल ऑक्साइड घाला. ॲनोड, म्हणजे इंधनाच्या बाजूचा थर, निकेल आणि याच ४४११ चा. कॅथोड बेरियम-कोबाल्ट-फेराइटचा, थोडं झिर्कोनियम-इट्रियम घातलेला, ज्याला सगळे ‘बीसीएफझेडवाय’ म्हणतात. आणि या तिन्हींचा मिळून एक सेल बनेपर्यंत चौथं काही शोधू नका.

निबंध वाचून निवड करणाऱ्यांची गल्लत एकच होते. ते वाहकतेच्या आलेखापासून सुरुवात करतात. मी उलट जातो. इंधन कोणतं, भट्टी किती चढते, शेजारच्या थराशी पटतं का, हे तीन आधी. वाहकता सगळ्यात शेवटी, कारण या कुटुंबातली बहुतेक द्रव्यं तिथे पास होतातच.

प्रोटॉन या स्फटिकात मुळात नसतात, ते पाण्यातून येतात. चार संयुजेच्या झिर्कोनियमच्या जागी तीन संयुजेचं इट्रियम बसवलं की प्रभार जुळवायला ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. वाफेचा रेणू अशा रिकाम्या जागेत शिरतो, त्याचा ऑक्सिजन तिथे बसतो आणि दोन हायड्रोजन शेजारच्या ऑक्सिजनांना चिकटतात. मग प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. या उडीला साधारण ०.४ ते ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. नेहमीच्या सिरॅमिक सेलमधल्या इट्रिया-झिर्कोनियात ऑक्साइड आयनाला याच्या दुपटीच्या घरात लागतात, म्हणून तो सेल ७००-८०० अंश मागतो आणि आपला ५०० ला चालतो. पण तापमान वाढवत नेलं की पाणी पुन्हा बाहेर पडतं आणि वाहक प्रोटॉनच उरत नाहीत. त्यामुळे ‘जरा तापवून बघू’ हा जुन्या सेलवाल्यांचा उपाय इथे एका मर्यादेपलीकडे उलटतो.

आता सेरेट की झिर्कोनेट. ही गोष्ट १९८१ सालापासूनची आहे. जपानमध्ये इवाहारा आणि सहकाऱ्यांनी स्ट्राँशियम सेरेटात प्रोटॉन वाहतात हे दाखवलं. पाठोपाठ बेरियम सेरेट आलं, वाहकतेत उत्तम आणि भाजायलाही सोपं. दोष एकच, पण मुळावर येणारा: कार्बन डायऑक्साइड दिसला की ते बेरियम कार्बोनेट आणि सेरिया (सेरियम ऑक्साइड) यांत फुटतं. वाफेशीही त्याचं फारसं सख्य नाही. झिर्कोनेट याच्या उलट. कार्बन डायऑक्साइडात ढिम्म हलत नाही आणि दाण्याच्या (सूक्ष्म स्फटिकाच्या) आतली वाहकताही चांगली असते, पण भाजायला १६००-१७०० अंश लागतात. इतकं करूनही दाणे बारीक राहतात, आणि दोन दाण्यांमधल्या सीमेवर प्रोटॉन अडकतो. बारीक दाणे म्हणजे जास्त सीमा, म्हणजे जास्त टोलनाके.

माझा स्वतःचा धडा सांगतो. सुरुवातीच्या काळात भट्टीत बेरियम उडतं म्हणून मी सेरेटच्या मिश्रणात बेरियम कार्बोनेट सढळ हातानं जास्त घातलं होतं. गोळ्या सुरेख निघाल्या, टणक, वाजवल्या तर खणखणीत. एप्रिलात उघड्या डबीत ठेवल्या. जुलैच्या शेवटी डबी उघडली तेव्हा आत गोळ्यांच्या आकाराची पांढरट पूड होती, बोट लावलं की ढासळणारी. जास्तीचं बेरियम दाण्यांच्या सीमेवर ऑक्साइड होऊन बसलं होतं. त्यानं पावसाळ्याची हवा पिऊन हायड्रॉक्साइड केलं, फुगलं आणि गोळी आतून उसवली. तेव्हापासून बेरियम मोजून घालतो आणि गोळ्या डेसिकेटरमध्ये ठेवतो.

तुमच्या बायोगॅसमध्ये सफाईआधी ३०-४० टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. शुद्ध करूनही थोडा राहतो, आणि सेलमध्ये मिथेनचं रूपांतर होताना आणखी तयार होतो. इथेच सेरेट बाद होतं. ‘१७११’ (झिर्कोनियम एक, सेरियम सात) हे सेरियम जास्त असलेलं मिश्रण २००९ साली जॉर्जिया टेकच्या मेलिन ल्यू यांच्या गटानं पुढे आणलं. हायड्रोजनवर चालवायला आणि शिकायला ते फार गोड द्रव्य आहे. पण कार्बन डायऑक्साइडच्या भरघोस प्रवाहात ते दीर्घकाळ टिकेल यावर मी पैज लावणार नाही. झिर्कोनियम चारावर नेलं की टिकाऊपणा बराच वाढतो आणि वाहकतेतली घट सोसण्याजोगी राहते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सोसिना हाइल यांच्या गटानं २०१८ साली ४४११ वापरून ५०० अंशांना दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या वॅटच्या वर शक्ती काढून दाखवली. म्हणजे टिकाऊपणासाठी शक्ती सोडावी लागते ही भीती आता निम्मी उरली आहे.

भट्टीकडे येऊ. सिलिकॉन कार्बाइडच्या भट्टीवर १५०० लिहिलेलं असलं तरी रोज १५०० ला दहा तास धरलं तर कांड्या लवकर म्हाताऱ्या होतात. तुमचं खरं छप्पर १४५० समजा. शुद्ध झिर्कोनेट तिथे दाट होत नाही, विषय संपला. ४४११ होतं, पण मदत घेऊन. ती मदत म्हणजे निकेल ऑक्साइड. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समध्ये रायन ओहेअर यांच्या गटानं ही वाट रुळवली: आधी कॅल्साइन करून, म्हणजे पूड तापवून, शुद्ध प्रावस्था (हव्या त्या एकाच रचनेचं द्रव्य) बनवायची आणि मग भाजायचं, हे दोन टप्पेच नकोत. बेरियम कार्बोनेट, ऑक्साइडं आणि चिमूटभर निकेल ऑक्साइड बॉल मिलमध्ये एकत्र दळायचं, आकार द्यायचा आणि एकाच भाजणीत रासायनिक क्रिया आणि घनीकरण दोन्ही उरकायचं. निकेल, बेरियम आणि इट्रियम मिळून मधल्या तापमानाला एक वितळणारी प्रावस्था तयार होते, ती दाण्यांना वंगण घालते, आणि भाजणीचं तापमान दोनशेच्या आसपास अंशांनी खाली येतं.

भाजणीच्या वेळी दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, ॲल्युमिनाची मूस. बेरियम आणि ॲल्युमिना यांचं जमतं, नको इतकं जमतं. गोळी थेट ॲल्युमिनावर ठेवलीत तर बेरियम ॲल्युमिनेट होऊन ती तळाला चिकटेल आणि काढताना तुटेल. म्हणून तळाशी त्याच मिश्रणाच्या पुडीची गादी घाला, गोळी तिच्यावर ठेवा, वरूनही पूड पसरा. दुसरी गोष्ट म्हणजे बेरियमचं उडून जाणं, आणि तीच पूड त्यावरही उपाय आहे. तिच्यातून बेरियमची वाफ आधी सुटते आणि गोळीतलं बेरियम जागेवर राहतं. ही गादी फेकू नका, पण चारपाच भाजण्यांनंतर मात्र बदला, कारण तिच्यातलंही बेरियम संपत येतं.

हे करताना एक लक्षात ठेवा. बेरियम कार्बोनेट पोटात गेलं तर विष आहे. एके काळी उंदीर मारायला ते वापरत. निकेल ऑक्साइडची पूड फुफ्फुसात जाणं कर्करोगाला निमंत्रण. दळलेली पूड चाळताना मास्क आणि हातमोजे हवेतच, भले वरिष्ठ म्हणोत की आम्ही तर नुसत्या हातानं करायचो.

निकेल फुकट मदत करत नाही. थोडं निकेल स्फटिकात शिरतं, थोडं सीमेवर राहतं, आणि ते इट्रियम ओढून घेतं. इट्रियम गेलं म्हणजे रिकाम्या जागा गेल्या, म्हणजे पाणी धरायची ताकद कमी झाली. म्हणून एक टक्का म्हटलं तर एकच. दोन टक्के घातले तर गोळी आणखी छान दिसेल आणि वाहकता आणखी वाईट येईल. पूर्ण सेल बनवताना तर तुम्ही निकेल घातलं नाहीत तरी ते ॲनोडातून वर चढतंच. तेव्हा सुट्या गोळीवर मोजलेली वाहकता सेलमध्ये जशीच्या तशी मिळेल अशी आशा धरू नका.

सुटी गोळी का पुरत नाही, याचं गणित पाठ करून ठेवण्यासारखं आहे. वाहकता ०.०१ सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरा. एक मिलिमीटर जाड गोळीचा रोध दर चौरस सेंटिमीटरला १० ओहम. एक व्होल्टच्या सेलमधून त्यावर जास्तीत जास्त २५ मिलिवॅट निघतील, कॅथोड देवानं स्वतः बनवला तरी. तोच थर १० मायक्रॉनचा केला की रोध ०.१ ओहम होतो आणि मग बोलायला जागा मिळते. म्हणून आधार ॲनोडचा: निकेल ऑक्साइड वजनानं ६०, ४४११ चाळीस, छिद्रं पडावीत म्हणून थोडं स्टार्च, याची अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड चकती. तिच्यावर इलेक्ट्रोलाइटचा पातळ थर, स्क्रीन प्रिंटिंगनं किंवा बुडवून, आणि दोन्ही एकत्र १४५० ला.

तुमची पहिली अर्धसेल पापडासारखी वाकेल. सगळ्यांची वाकते. भाजताना दोन्ही थर लांबीत २० टक्क्यांच्या आसपास आक्रसतात, पण एकाच वेळी आणि एकाच गतीनं नाही. ॲनोडची चकती आधी ९००-१००० अंशांना किती भाजता यावर हे जुळवता येतं. कच्ची ठेवली तर ती जास्त आक्रसून थराला दाबते, जास्त भाजली तर थर तडकतो. मी नेहमी ५० अंशांच्या फरकानं चार चकत्या भाजून घेतो, चौघींवर थर देतो आणि कोणती सपाट निघते ते बघतो. वर सच्छिद्र पाटी ठेवून दाबायचा उपाय आहे, पण ती चिकटली तर सगळंच जातं. थर दाट झाला का हे बघायला आधी मायक्रोस्कोपकडे धावू नका. वरच्या बाजूला अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या शाईचा थेंब टाका आणि पाठ बघा. शाई उतरली तर भोक आहे. पाच मिनिटांत, पाच पैशांत निकाल.

निकेल ऑक्साइडचं निकेल होताना घनफळ साधारण ४० टक्क्यांनी घटतं. हे घाईनं केलं तर थर तडकतो. पातळ केलेल्या हायड्रोजनपासून सुरू करा आणि हळूहळू वाढवा.

आता बायोगॅसमधली अशी एक गोष्ट, जी निबंधांच्या प्रस्तावनेत उलटी सांगितलेली असते. ‘प्रोटॉन सेलमध्ये पाणी हवेच्या बाजूला तयार होतं, त्यामुळे इंधन पातळ होत नाही’ हा फायदा सगळे सांगतात, आणि हायड्रोजनवर तो खराच आहे. पण मिथेनवर तोच काचतो. ऑक्साइड आयनाच्या सेलमध्ये ऑक्सिजन इंधनाकडे येतो आणि कार्बनला उचलून नेतो. इथे तुम्ही इंधनातून नुसता हायड्रोजन काढून घेता, कार्बन मागेच राहतो, आणि जितका जास्त विद्युत्प्रवाह तितका काजळीचा धोका वाढतो. निकेलवर काजळीचे तंतू वाढले की ॲनोड फुगून फुटतो. तेव्हा इंधनात बाहेरून वाफ घालावीच लागेल, आणि किती, ते सेलमधून किती हायड्रोजन काढणार यावर ठरवावं लागेल. बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड थोडी मदत करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. गंधकाचं तर बोलायलाच नको. या ॲनोडांची गंधक सोसण्याची कीर्ती बरीचशी ७५० अंशांच्या प्रयोगांवर उभी आहे, आणि थंड निकेलला गंधक जास्त घट्ट चिकटतं. हायड्रोजन सल्फाइड सेलच्या आधीच आयर्न ऑक्साइडच्या थरातून काढून टाका.

कॅथोडवर सगळ्यात जास्त निबंध आहेत आणि सगळ्यात कमी झोप. इथे तीन वाहक लागतात: प्रोटॉन, ऑक्साइड आयन आणि इलेक्ट्रॉन. जुन्या सेलमधला लँथनम मँगनाइट घेतला तर त्याला प्रोटॉन आत घेता येत नाही. मग पाणी बनण्याची क्रिया फक्त इलेक्ट्रोलाइटच्या कडेवर, जिथे तिन्ही भेटतात त्या रेषेवर होते. तिन्ही वाहून नेणारा कॅथोड असला की त्याचा सगळा पृष्ठभाग कामाला लागतो. ओहेअर यांच्या गटाच्या २०१५ सालच्या कामात बीसीएफझेडवाय हेच करून गेला आणि ५०० अंशांना हायड्रोजनवर दर चौरस सेंटिमीटरला ४५५ मिलिवॅट मिळाले. हाइल यांच्या कामातला प्रेसिओडिमियमचा दुहेरी पेरोव्स्काइट (याच कुटुंबातली स्फटिकरचना), ‘पीबीएससीएफ’, तोडीस तोड आहे.

मी तुम्हाला बीसीएफझेडवाय सुचवतो ते आकड्यांमुळे नाही. त्याच्यात बेरियम आहे, झिर्कोनियम आहे, इट्रियम आहे. इलेक्ट्रोलाइटचा तो भाऊबंद आहे. सीमेवर थोडी देवाणघेवाण झाली तरी परकं काही तयार होण्याची शक्यता कमी. अडचण फुगण्याची आहे. तापल्यावर बेरियम झिर्कोनेट दर अंशाला दहा लाखात साधारण ८ भागांनी वाढतं, सेरेट ११ च्या आसपास, आणि हे कोबाल्टवाले कॅथोड २० च्या आसपास. दहा वेळा थंड-गरम केलं की पापुद्रा सुटतो. म्हणून पहिला थर निव्वळ कॅथोडचा देऊ नका; कॅथोडात इलेक्ट्रोलाइटची ३०-४० टक्के पूड मिसळा आणि ९०० ते १००० अंशांच्या दरम्यान भाजा. त्याहून वर गेलात तर कोबाल्ट खाली उतरायला लागतं.

एक छोटी पण मोलाची युक्ती. १४५० ला भाजलेला इलेक्ट्रोलाइटचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि आळशी असतो, कॅथोड त्याला नीट धरत नाही. रोध मोजताना तो जाडीच्या हिशेबापेक्षा दुप्पट येतो, आणि लोक वाहकतेला दोष देतात. आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीच्या गटानं २०२२ साली दाखवलं की कॅथोड लावण्याआधी हा पृष्ठभाग नायट्रिक आम्लानं थोडा वेळ खरवडला की चिकटही सुधारते आणि रोधही उतरतो. महागडी यंत्रणा लागत नाही, आणि आपल्याकडच्या प्रयोगशाळांना असली युक्ती जास्त मानवते.

मोजमापाबद्दल थोडं. ‘३ टक्के पाण्यात मोजलं’ असं सगळे लिहितात. ते २५ अंशांच्या पाण्यातून वायू बुडबुडत नेला तर खरं आहे. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या प्रयोगशाळेत पाणी ३२ अंशांना असेल तर तेच पावणेपाच टक्क्यांवर जातं, आणि मग एप्रिलचे आणि मेचे आकडे जुळत नाहीत. बबलर थर्मोस्टॅटमध्ये ठेवा. दाण्याचा आणि सीमेचा रोध वेगळा करायचा असेल तर इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या विजेला होणारा रोध, ३०० अंशांच्या खाली मोजा. ५०० ला आलेखातल्या या दोन रोधांच्या कमानी एकमेकांत मिसळतात. आणि वाहतोय तो प्रोटॉनच याची खात्री हवी असेल तर बबलरमध्ये जड पाणी घाला. ड्युटेरियम जड, म्हणून वाहकता ठळकपणे उतरते. जड पाणी मिळवायला देशाबाहेर बघायची गरज नाही, आपल्या अलिबागजवळ थळला त्याचा कारखानाच आहे. मात्र कागदपत्रांना धीर लागतो.

सेलचा खुला व्होल्टेज ६०० अंशांना एक व्होल्टच्या बराच खाली आला तर दोनपैकी एक कारण असतं. वायूचा प्रवाह कमीजास्त केल्यावर आकडा हलला तर भोक किंवा सील. तो हलत नाही, पण ५०० ला उतरल्यावर सिद्धान्ताच्या जवळ येतो, तर इलेक्ट्रॉनी गळती. हवेच्या बाजूला हे द्रव्य थोडे ‘होल’ (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) वाहून नेतंच, आणि थर पातळ केला की ते जास्त जाणवतं. भोकावर उपाय आहे. गळतीवर उपाय म्हणजे तापमान कमी ठेवणं.

स्टॅक (एकावर एक रचलेले सेल), स्टीलच्या पाट्या, क्रोमियमची वाफ बेरियमला धरून क्रोमेट बनवते वगैरे प्रश्न खरे आहेत, पण ते तुमच्या चौथ्या वर्षाचे. कच्च्या मालाचं तेवढं आत्ता सांगतो. बेरियमची चिंता नाही, आंध्रातल्या मंगमपेटला जगातल्या बॅराइटच्या, म्हणजे बेरियमच्या खनिजाच्या, मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. इट्रियमची आहे. एप्रिल २०२५ पासून चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि आपल्या मोनाझाइटच्या वाळूत हलकी दुर्मिळ मृदाच जास्त, जड फार थोडी. संपूर्ण प्रकल्पाला पुरेल इतका इट्रियम आणि इटर्बियम ऑक्साइड एकाच बॅचमधला एकदम मागवून ठेवा. बॅच बदलली की भाजणी बदलते, आणि दोष कुठला हे शोधण्यात सहा महिने जातात.

सेल बनवायच्या आधी एक काम करा. ४४११ ची पूड तयार झाली की चमचाभर नळीभट्टीत ठेवा, ६०० अंशांना, कार्बन डायऑक्साइड आणि थोड्या वाफेत, शंभर तास. मग एक्स-रे विवर्तन काढा. तांब्याच्या एक्स-रे नळीवर २४ अंशांच्या कोनाच्या (२θ) किंचित अलीकडे बेरियम कार्बोनेटचं शिखर येतं. सेरियाचं साडेअठ्ठावीसचं शिखर मुख्य शिखराच्या कुशीत लपतं, म्हणून त्याच्यावर विसंबू नका, चोविसाकडेच बघा. तिथे उंचवटा दिसला तर झिर्कोनियम पाचावर न्या आणि भाजणीचे तास वाढवा. सपाट असेल तर ॲनोडच्या चकत्या दाबायला घ्या.